अनेक संस्कृतींच्या पुराणकथा एकत्र गुंफलेली एपिक फॅन्टसी वाचताय? या चुका टाळा

एपिक फॅन्टसी अर्धवट सोडणारे बरेच वाचक साधारण एकाच टप्प्यावर सोडतात. पन्नास-साठ पानं झालेली असतात. वीसेक नावं, दोन राजघराणी, तीन देवता आणि एक शापित नदी येऊन गेलेली असते आणि आपण नेमकं कोणाच्या मागे जायचं, हे अजून ठरलेलं नसतं. कादंबरीत चार-पाच संस्कृतींच्या पुराणकथा एकत्र आल्या असतील तर आणखी एक पेच उभा राहतो. काही गोष्टी ओळखीच्या वाटतात, काही पूर्णपणे परक्या असतात. परक्या गोष्टींपाशी आपण सावध असतो. चकवतात त्या ओळखीच्या गोष्टी.

लेखकाने जुनी कथा उचलून जिथे तिला वळण दिलं, तिथेच अशा कादंबरीचा गाभा असतो, असं मला ठामपणे वाटतं. वाचकाच्या बहुतेक चुका नुकसान करतात त्या याच कारणाने, की त्या वळणापर्यंत त्याला पोचूच देत नाहीत.

पहिल्याच प्रकरणात सगळं पाठ करायला जाणं

पुस्तक उघडलं की नकाशा, वंशावळ, मागे शब्दसूची. हे सगळं आधी नीट वाचून घ्यावं आणि मग गोष्टीला हात घालावा, असं प्रामाणिक वाचकाला वाटतं. तसं करू नका. गोष्ट कळण्याआधी वाचलेली शब्दसूची डोक्यात राहत नाही. शिवाय वंशावळीत कोणाचं कोणाशी लग्न झालं, कोण निपुत्रिक गेलं हे सरळ छापलेलं असतं. चारशे पानांनंतर बसायचा धक्का दुसऱ्याच पानावर फुकट जातो. नकाशा मात्र अधूनमधून जरूर पाहा. दोन शहरांच्या मध्ये डोंगररांग आहे की समुद्र, एवढं कळलं तरी सैन्य वेळेवर का पोचलं नाही हे समजतं.

सुरुवातीला तीनच पात्रं धरा. ज्यांच्या नजरेतून प्रकरणं सांगितली जातात ती. एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहा: याला काय हवंय आणि आड कोण येतंय. बाकीची नावं येऊ द्या, जाऊ द्या. महत्त्वाचं माणूस कथेत पुन्हा येतंच आणि चांगला लेखक त्याची ओळखही पुन्हा करून देतो.

एकाच पात्राची अनेक नावं असतात, तेव्हा बरेच जण वैतागतात. मराठी वाचकाला खरं तर याची सवय असते. पार्थ, धनंजय, सव्यसाची आणि अर्जुन एकच, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तीच सवय इथे वापरा आणि एक गोष्ट पाहत राहा: कोणत्या प्रसंगी कोणतं नाव येतं. आई एका नावाने हाक मारते, शत्रू दुसऱ्या नावाने ओळखतो, पुजारी तिसरंच नाव घेतो. पात्राचं कोणाशी काय नातं आहे हे लेखक या नावांतूनच सांगत असतो.

ओळख पटली की विचार थांबवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक धूर्त, रूप बदलणारा देव येतो आणि वाचक मनात म्हणतो, "हा लोकी." एकदा शिक्का बसला की त्या पात्राचं बोलणं वाचणं थांबतं, आपण आपल्या डोक्यातला लोकी वाचत राहतो. तो लोकीही बहुधा पडद्यावर पाहिलेला असतो. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, काव्यात लोकी हा देवांचा राजा ओडिन याचा रक्ताची शपथ घेऊन झालेला भाऊ आहे. थॉरचा मानलेला भाऊ ही ओळख फार अलीकडची.

इजिप्तचा सेत पाहा. ओसायरिसला मारणारा भाऊ म्हणून तो प्रसिद्ध आहे, म्हणून कादंबरीत त्याच्या वळणाचा देव दिसला की वाचक त्याला लगेच खलनायकाच्या रांगेत बसवतो. पण हाच सेत सूर्यदेवाच्या नावेच्या टोकाशी भाला घेऊन उभा असतो आणि रोज रात्री अपेप या महासर्पाला परतवून लावतो. सकाळ होते त्यात त्याचा हात आहे. भावाचा खुनी आणि जगाचा पहारेकरी एकच. ज्या लेखकाने हा सेत नीट वाचला आहे, तो आपल्या कादंबरीत या दोन्ही बाजू एकमेकींसमोर उभ्या करणार. वाचकाने आधीच निकाल दिलेला असेल तर दुसरी बाजू समोर आल्यावर त्याला वाटतं, की लेखकाने पात्र बिघडवलं.

आता एक नमुना जरा जवळून पाहू, कारण मिश्र पुराणकथांच्या कादंबऱ्यांमध्ये हा हमखास भेटतो: ज्याला कशानेच मारता येत नाही असा माणूस.

आपल्याला माहीत असलेला हिरण्यकशिपू. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. मग उंबरठा, संध्याकाळ, नरसिंह, मांडी आणि नखं. दुसरा नमुची. इंद्राने त्याला वचन दिलं होतं, की दिवसा वा रात्री, ओल्या वा कोरड्या वस्तूने तुला मारणार नाही. मग संधिकाल गाठून इंद्राने फेसाने त्याचं डोकं उडवलं. तिसरा मध्ययुगीन वेल्श कथांमधला लेउ. तो घरात मरू शकत नाही, बाहेर मरू शकत नाही, घोड्यावर नाही, पायी नाही. त्याला मारायचं तर नदीकाठी, छप्पर घातलेल्या न्हाणीच्या टबाच्या काठावर त्याचा एक पाय आणि दुसरा बोकडाच्या पाठीवर असला पाहिजे. भालाही असा हवा, की जो घडवायला वर्ष लागलेलं आहे.

वरवर पाहता तिन्ही कथा एकच आहेत. ज्याला ओळख पटवण्यातच समाधान आहे, तो इथे थांबतो: "अच्छा, हिरण्यकशिपूसारखं." पण पुढे पाहा. हिरण्यकशिपूच्या कथेत फट शोधतो तो देव आणि मोडतो तो गर्व. नमुचीच्या कथेत फट शोधणाराच दोषी ठरतो. महाभारतात नमुचीचं तुटलेलं डोकं इंद्राच्या मागे लागतं, मित्राला मारलंस म्हणून त्याला पुकारत राहतं आणि इंद्राला त्या पापातून सुटण्यासाठी तीर्थात स्नान करावं लागतं. लेउच्या कथेत तर गुपित फुटतं ते बायकोच्या प्रश्नातून. फुलांपासून घडवलेल्या त्या बायकोचं मन दुसऱ्यावर जडलेलं आहे. काळजीचा आव आणून ती विचारते, तुला मारता येईल तरी कसं? तो सांगतो आणि पुढे त्या टबावर आणि बोकडावर स्वतः उभा राहून दाखवतोही. एकाच साच्यातून तीन गोष्टी निघाल्या: एक अहंकाराची, एक वचनभंगाची, एक दगा दिलेल्या प्रेमाची.

म्हणून तुमच्या कादंबरीत असं वरदान आलं, की "हे कुठून घेतलं?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारा: इथे फट कोण शोधतंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय? लेखकाने तीन कथांमधल्या कोणत्या कथेचं उत्तर निवडलं किंवा चौथं उत्तर दिलं, ते कळलं की पात्र एकदम जिवंत होतं.

महापुराचंही तसंच. मेसोपोटेमियातल्या अत्राहसिसच्या कथेत माणसांचा गोंगाट वाढला, एनलिल देवाची झोपमोड झाली म्हणून पूर येतो. बायबलमध्ये माणसाच्या दुष्टपणाची शिक्षा म्हणून येतो. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या कथेत पुराचं कारणच दिलेलं नाही. पूर येणार, इतकंच मासा सांगतो, आणि मनू वाचतो तो त्या माशाला लहानपणी सांभाळलं म्हणून. कादंबरीत पूर आला की तो का आला, हे शोधा. त्या जगातले देव माणसांना काय समजतात, ते तिथे कळेल.

"मूळ कथेत असं नाहीच" म्हणत बसणं

ही तक्रार मनापासून येते आणि तिच्यामागे प्रेमच असतं, हे मला मान्य आहे. पण मूळ म्हणजे कोणतं मूळ? नॉर्स देवांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने साधारण 1220 च्या सुमारास लिहिलेल्या गद्य एड्डातून येतो. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन 1000 च्या आसपास, म्हणजे स्नोरीच्या दोन शतकं आधी. जुन्या देवांच्या गोष्टी लिहिणारा माणूस स्वतः ख्रिस्ती होता. ग्रीक कथांमध्येही एकाच देवतेचा जन्म दोन-दोन प्रकारे सांगितलेला सापडतो. रामायणाच्या किती परंपरा आहेत, हे वेगळं सांगायला नको.

पुराणकथांची सरमिसळही आजच्या कादंबरीकारांनी सुरू केलेली नाही. इजिप्तवर राज्य करणाऱ्या पहिल्या टॉलेमीच्या काळात सेरापिस हा देव पुढे आणला गेला. तो ओसायरिस आणि एपिस बैल यांच्यातून आलेला, पण चेहरामोहरा ग्रीक देवाचा, दाढीवाला. कनिष्काच्या नाण्यांवर इराणी मिथ्र, मेसोपोटेमियातून आलेली नाना देवी, शिव आणि बुद्ध या सगळ्यांना जागा आहे. गांधार शिल्पात बुद्धाच्या शेजारी उभा असलेला वज्रपाणी काही ठिकाणी थेट ग्रीक हेराक्लीससारखा घडवलेला दिसतो. जपानच्या सात भाग्यदेवतांमध्ये बेन्झाइतेन आहे, म्हणजे सरस्वती, आणि दाइकोकुतेन आहे, म्हणजे महाकाल. तो महाकाल तिथे हातात मोगरी घेऊन हसतमुखाने धान्याच्या पोत्यांवर उभा असतो. उग्र देवतेचं असं प्रसन्न रूप कोणा कादंबरीकाराने कल्पनेने लिहिलं असतं, तर आपण नाक मुरडलं असतं.

तक्रार करायची तर ती वेगळ्या गोष्टीबद्दल करावी: सरमिसळ नुसती सजावटीपुरती आहे का? याची एक सोपी कसोटी आहे. देवाचं नाव बदलून दुसऱ्या संस्कृतीतलं नाव टाका. काहीच बिघडलं नाही, त्याचं बोलणं, त्याची भीती, त्याचे भक्त सगळं तसंच चाललं, तर लेखकाने नाव घेतलं आहे, कथा घेतलीच नाही. अशा पुस्तकावर रागावायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. योरुबा परंपरेतल्या ओरिशांसारख्या देवता येतात तेव्हा तर ही कसोटी अधिक कडक लावावी. ओरिशांची पूजा आजही पश्चिम आफ्रिकेत, क्युबात, ब्राझीलमध्ये होते. त्यांच्यातल्या एशूला कोणी "सैतान" करून टाकलं असेल तर ते जिवंत श्रद्धेबद्दलचं अज्ञान आहे आणि कादंबरीही त्याने उथळच होते.

या जगात मेल्यावर काय होतं, हे न विचारणं

मिश्र पुराणकथांच्या कादंबरीत अडखळायला होतं तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. पात्र मरतं आणि आपल्याला कळत नाही, की रडायचं की थांबायचं.

प्रत्येक परंपरेचं उत्तर वेगळं आहे. इजिप्तमध्ये मृताचं हृदय सत्याची देवता मात हिच्या पिसाबरोबर तोललं जातं आणि तोल बिघडला तर अम्मित ही राक्षसी ते गिळून टाकते. मग पुढे काहीच उरत नाही. नॉर्स योद्धा ओडिनच्या महालात, वालहल्लात, जातो, तोही शेवटच्या लढाईसाठी. होमरच्या ग्रीक कथांमध्ये बहुतेक मृत नुसत्या सावल्या होऊन उरतात. आपल्याकडे पुनर्जन्म. सुमेरियन कथेत इनान्ना पाताळाच्या सात दरवाजांतून खाली उतरते, प्रत्येक दरवाजावर अंगावरचं काहीतरी उतरवून देते, मरते, परतही येते. पण परत येण्याची अट अशी, की बदल्यात दुसरं कोणीतरी खाली गेलं पाहिजे.

समजा, कादंबरीत एक राणी अशीच सात दरवाजे उतरते आहे. ज्याला इनान्ना माहीत आहे तो निवांत असतो: परत येणार. सातव्या दरवाजावर मात्र पहारेकऱ्याऐवजी तराजू ठेवलेला आहे. दोन परंपरा इथे एकमेकींना भिडल्या. तोपर्यंत राणीने मुकुट दिला, हार दिला, वस्त्रं दिली. आता तोलायला हृदय सोडून काही उरलेलंच नाही. परत यायची वाट एका कथेत आहे, दुसऱ्या कथेत नाही. आपण आता कोणत्या कथेत आहोत? वाचकाला पडलेला हा प्रश्न राणीलाही पडलेला असतो. असं पान भरभर वाचून पुढे गेलात तर कादंबरीतलं सर्वात मोठं दान हातचं जातं.

काळाचंही विचारून ठेवा. हे जग एकदाच घडलंय की पुन:पुन्हा मोडून उभं राहतं? अझ्टेक कथेत चार सूर्य आधीच नष्ट झालेत, आपण पाचव्याखाली आहोत. नॉर्स कथांमधल्या रॅग्नारोकलाही लोक सरसकट जगाचा शेवट समजतात, पण जुन्या काव्यात समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते. "अंत जवळ आला" असं पात्र म्हणतं, तेव्हा तो कोणता अंत हे माहीत असलेलं बरं.

गाणी, भाकितं आणि प्रकरणाच्या माथ्यावरचे उतारे गाळणं

गोष्ट थांबते म्हणून वाचक हे गाळतात. लांबलचक गाणं असेल तर डोळ्याखालून घाला, हरकत नाही. पण भाकीत, शाप आणि शपथ शब्दशः वाचा, शक्य तर त्या कागदावर उतरवून घ्या. लिडियाचा राजा क्रोससची हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट आठवा. पर्शियावर चालून गेलास तर एक मोठं साम्राज्य लयाला जाईल, असा कौल त्याला मिळाला. तो गेला आणि साम्राज्य लयाला गेलं ते त्याचं स्वतःचं.

आयरिश कथांमधल्या कू खुलिनवर दोन बंधनं होती: कुत्र्याचं मांस खायचं नाही आणि कोणी चुलीवरचं अन्न देऊ केलं तर नाकारायचं नाही. एक दिवस वाटेत बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्याला कुत्र्याचंच मांस पुढे केलं. यात दैत्य आला नाही, युद्ध झालं नाही, तरी त्याचा शेवट तिथेच ठरला. दोन बंधनं दोन वेगळ्या पानांवर आलेली असतील आणि एक तुम्ही गाळलेलं असेल, तर तो प्रसंग निव्वळ जेवणाचा वाटेल.

चुकीच्या वेळी शोधाशोध करणं

एखादी देवता अनोळखी वाटली की हात फोनकडे जातो. पात्राचं नाव टाकायला सुरुवात केली तरी सर्चच्या सूचनांमध्ये "मृत्यू", "खरी ओळख" असले शब्द खाली उमटतात. चाहत्यांच्या विकीवर तर पहिल्याच ओळीत शेवट असतो.

कादंबरीतल्या पात्राबद्दल पुस्तक संपेपर्यंत काही शोधू नका. त्यामागच्या जुन्या देवतेबद्दल शोधायचं असेल तर भाग किंवा खंड संपल्यावर शोधा आणि कादंबरीचं नाव न टाकता शोधा. ईबुक वाचत असाल तर त्याच पुस्तकात नाव शोधण्याची सोय वापरा, पण मागे गेलेल्या पानांवरचे उल्लेखच उघडा. आधीच्या एखाद्या वाक्यात उत्तर दडलेलं असतं, असा अनुभव बऱ्याचदा येतो.

मधेच गाडी अडली तर

कारण ओळखलं तर उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच अडत असेल तर रोज झोपण्याआधी चार-पाच पानं वाचणं हे कारण असू शकतं. नवं जग इतक्या छोट्या घासांत रुजत नाही. पहिली शंभरेक पानं सुट्टीच्या दिवशी मोठ्या बैठकीत वाचा, मग हवं तर रोज थोडं थोडं चालेल.

मध्यावर कंटाळा येत असेल तर बहुतेक वेळा एखाद्या पात्राचं कथासूत्र नावडतं असतं आणि त्याचं प्रकरण आलं की वेग मंदावतो. ती प्रकरणं गाळू नका, कारण सूत्रं शेवटी एकत्र येतात. त्या पात्राच्या मागच्या प्रकरणाची शेवटची दोन पानं पुन्हा वाचून मग पुढे जा, धागा सापडतो. ऑडिओबुक ऐकताना नावं कानाला सारखी वाटत असतील तर छापील किंवा ईबुक प्रतीतली पात्रांची यादी एकदा नजरेखालून घाला. नाव डोळ्यांनी पाहिलं की ते ऐकतानाही वेगळं ओळखू येतं.

मालिका असेल तर प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. हजार वर्षांपूर्वीची कथा सांगणारा भाग नंतर लिहिलेला असेल, तर तो आधी वाचायचा मोह आवरा. लेखकाने तो लिहिताना वाचकाला पुढचं माहीत आहे असं धरलेलं असतं आणि पहिल्या खंडात दंतकथा म्हणून आलेली गोष्ट खरी होती की खोटी, हा संशय त्याला शेवटपर्यंत टिकवायचा असतो. दोन खंडांच्या वाचनात मोठं अंतर पडलं असेल तर आधीच्या खंडाची शेवटची तीन-चार प्रकरणं पुन्हा वाचा. सारांश वाचून घटना आठवतात, पण पात्रांचे आवाज आठवत नाहीत.

इतकं करूनही एक तृतीयांश पुस्तक झालं आणि कोणाला काय हवंय याची तुम्हाला जराही फिकीर वाटत नसेल, तर पुस्तक बाजूला ठेवा. तोवर जी एखादी जुनी कथा आवडली असेल, इनान्नाची, लेउची, नमुचीची, तिच्या जुन्या रूपाचं भाषांतर शोधून वाचा. या कथा लहान आहेत, एका बैठकीत होतात. नंतर पुन्हा त्या कादंबरीकडे वळावंसं वाटलं, तर पहिल्या पानापासून सुरू करा. जिथे सोडली होती तिथून नको.